मग राहू द्या

कारखान्यात तिला नावाने कोणीच हाक मारत नव्हतं. सगळे चेकरबाई म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. तयार शर्टांचा कारखाना. शिवून झालेला प्रत्येक शर्ट पॅकिंगला जायच्या आधी तिच्या टेबलावरून जायचा. कॉलर, खांदे, बाह्या, काजं, बटणं, मग उलटा करून शिवणी. खोट दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर डकवायचं आणि शर्ट आल्या वाटेने परत. शिवणाऱ्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या. म्हणायच्या, ही बाई मेल्यावर वरती गेली तरी आत जायची नाही, दारातच उभी राहून येणाऱ्याच्या शिवणी तपासत बसेल. हे तिच्यापर्यंत पोचायचं, आणि वाईट वाटायचं सोडून ती त्यावर खूश व्हायची. माझ्या हातून गेलेलं खोकं आजवर परत आलेलं नाही, असं ती ऐटीत सांगायची.

त्या खोक्यांचा एक नियम होता, तो आधीच सांगितलेला बरा. शेवटचा शर्ट पास झाल्याशिवाय खोक्याला चिकटपट्टी मारायची नाही. नेमका शेवटचाच नापास झाला, तर खोकं उघडं ठेवायचं आणि शिलाईकडे निरोप धाडायचा, एक बदली पाठवा म्हणून. वर्षानुवर्षं हेच केलेलं, त्यामुळे तिच्या अंगात ते मुरलं होतं. पुढे जे झालं ते या सवयीमुळेच झालं, असं ती नंतर स्वतःला पुन्हापुन्हा सांगत राहिली. त्यात तथ्य किती आणि पळवाट किती, हे तिचं तिला माहीत.

तर या चेकरबाईला दोन मुलं होती. थोरला शाळेत जाऊन मस्ती शिकलेला, आता मधली झालेली, ती नुकतीच शाळेत जायला लागलेली आणि त्याहून जास्त रडायला. दोन्ही वेळा पोट फाडूनच सुटका झाली होती. तिसऱ्याचा विचार स्वप्नातही नव्हता, पण राहिलं ते राहिलं, आणि राहिल्यावर नको म्हणायला दोघांचाही जीव झाला नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्या गरम करून गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट वळवायच्या, हे त्याचं काम. माणूस मऊ, पण चौकश्या फार. साधी कोथिंबीर आणायला पाठवलं तरी किती, कसली, कशात घालायला, असे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, दार लोटलं की अरे.

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की पिशवी आता पातळ झाली आहे, तिसऱ्यांदा टाके पडले की चौथ्याची हिंमत करायची नाही, जिवावर बेतेल. त्याच वेळी नळ्या बांधून टाकू, वेगळं ऑपरेशन नको. चेकरबाईने लगेच मान डोलावली. मग डॉक्टरीणबाईंनी आपली पद्धत सांगितली. सही आधी घेते, पण सहीवर जात नाही. बाळ बाहेर आलं, बाळाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, की टेबलावर पुन्हा एकदा विचारते आणि मगच हात लावते. काही जणींना बाळात काही कमी-जास्त निघालं तर थांबावंसं वाटतं.

हे ऐकून चेकरबाई चिडलीच. बाळात काही कमी-जास्त असेल तर आई असं करेल? तिने खुर्चीत सरसावून बसत सांगितलं, "कसंही असलं तरी करा. आमचं ठरलंय."

डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. बाहेर पडल्यावर नवरा तिला म्हणाला की तू बोललीस ते मला फार आवडलं. ती तोऱ्यात जिना उतरली. पुढे कितीतरी दिवस हा जिना तिला आठवला की कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं रीतसर चाललं होतं. कमरेत सुई दिली, पाय आपले नाहीतच असे झाले, छातीपाशी हिरवा पडदा लागला. भूल देणाऱ्या बाई उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या आणि थोरल्याच्या शाळेची चौकशी करत होत्या. ती उत्तरं देत होती. पोटात कोणीतरी कपाट आवरतंय असं वाटत होतं, दुखत काहीच नव्हतं. मग एकदम ओझं उतरलं आणि रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत रडणं. मुलगी झाली, कोणीतरी म्हणालं. चेकरबाईच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळायला लागलं.

कोपऱ्यातल्या दिव्याखाली बाळाचे डॉक्टर मुलीला पुसत होते, बघत होते. तिला मान वळवून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. डोकं, टाळू, हात, बोटं, पाय, मग पालथं करून पाठ. ती मनातल्या मनात त्यांच्या बरोबर चालली होती. हा क्रम तिच्या ओळखीचा होता. आणि मग डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. हात थांबणं म्हणजे काय हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणाला कळणार?

डॉक्टर वळून म्हणाले की बाळ छान आहे, वजन चांगलं आहे, हृदय चांगलं आहे. फक्त उजवा कान तयार झालेला नाही. पाळीच्या जागी नुसती छोटी वळी आहे, आणि त्या बाजूने ऐकू कमी येईल. डावा अगदी नीट आहे. बाकी चिंता करण्यासारखं काही दिसत नाही. सगळं त्यांनी शांतपणे, नीट सांगितलं. त्यांची काहीच चूक नाही.

पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंनी आपल्या पद्धतीप्रमाणे विचारलं, "ऐकलंत ना? आता सांगा, नळ्या बांधू?"

"मग राहू द्या," चेकरबाई म्हणाली.

विचार करायला ती एक क्षणही थांबली नाही. ते तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की जणू टेबलापलीकडे पॅकिंगवाली चिकटपट्टी घेऊन उभी आहे. कपाळावरून फिरणारा हात थबकला. सिस्टर हातातलं काहीतरी ट्रेमध्ये ठेवत होती, तीही थांबली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नक्की? पिशवी खरंच पातळ आहे."

"हो. राहू द्या."

कपाळावरचा हात पुन्हा फिरायला लागला, पण आता थोरल्याच्या शाळेची गोष्ट कोणी काढली नाही. टाके घालणं चालू राहिलं. सिस्टरने मुलीला गुंडाळून तिच्या गालाशी आणलं, आणि डावी बाजू वर येईल अशी धरली, म्हणजे आईला चांगला कान दिसावा. त्या पोरीने ते मुद्दाम केलं, चांगुलपणाने केलं, आणि चेकरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी रडायची थांबली होती आणि ओठ हलवत होती. जन्मून काही मिनिटं झाली नव्हती आणि तिच्या आईची तिच्यादेखत बदली मागून झाली होती.

'नको' म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. बायका ऐन वेळी घाबरतात, मन बदलतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती 'मग' म्हणाली होती. त्या दोन अक्षरांत सगळं आलं होतं, आणि ते तिथल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि गंमत म्हणजे तिला चौथं मूल नको होतं. आधीही नको होतं, तेव्हाही नको होतं, आताही नको. मग ते कोणासाठी राखून ठेवलं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वॉर्डात आणल्यावर नवरा आला. डोळे लाल. तिच्या केसांवर हात ठेवून तो म्हणाला की बघितली, छान आहे, नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं. कानाचं त्यानेच काढलं. डॉक्टरांनी मला सांगितलं म्हणाला, मोठी झाली की करून घेता येतो म्हणतात, घाई नाही. ती ऐकत होती आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, हा आता विचारणार. त्याने विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "ते दुसरं झालं नाही. आत सगळं चिकटलेलं होतं म्हणे, त्यांना करता आलं नाही."

"बरं," तो म्हणाला.

बस. कोथिंबिरीला तीन प्रश्न विचारणारा माणूस नुसतं बरं म्हणाला आणि पाण्याची बाटली भरायला गेला. तिला हायसं वाटलं. खोटं पचलं याचं हायसं वाटलं आणि पचलं म्हणूनच वर लाज वाटली.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. चेकरबाईला सगळ्यात धाकधूक त्यांचीच होती, कारण सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री. त्यांनी नातीला घेतलं, टोपी काढली, खिडकीशी नेऊन आलटून पालटून बघितली, त्या वळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या की एवढंच ना? या घरात दोन-दोन कान असलेले तरी माझं कोण ऐकतंय. आणि टोपी पुन्हा घालून तिला आंघोळीला घेऊन गेल्या. विषय संपला. थोरल्याने आपला कान मुडपून आरशात बघितलं आणि तसं दुखतं का एवढं विचारलं. मधलीचं म्हणणं पडलं की बाळाला माझी बाहुली द्यायची नाही. म्हणजे त्या घरात बाळ ठीक की नाही याचा कोणी विचारही करत नव्हतं. नापास करणारी एकटी आईच निघाली.

आणि ती काय करत होती? टोपी घालत होती. उकाडा असो, बाळ घामाने भिजलेलं असो, कोणी यायचं म्हटलं की आधी टोपी. कारखान्यातली पॅकिंगवाली भेटायला आली तेव्हा तीही म्हणाली की अगं, काढ ना ती, पोर उकडून निघतेय. चेकरबाईने सांगितलं की सर्दी आहे. पॅकिंगवाली बाळाला मांडीवर घेऊन गोड गोड बोलत राहिली आणि जाताना हसत म्हणाली की तुझ्या हातचा माल, त्यात काय बघायचं. ती गेल्यावर चेकरबाई मोरीत जाऊन रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं, बाहेर आली, टोपी काढली आणि कोणी बघत नाही असं पाहून त्या वळीवर ओठ टेकले. बाळाने झोपेतच तोंड वाकडं केलं. माया नव्हती असं नव्हतं. मायेचा तिथे प्रश्नच नव्हता, आणि तीच तर खरी पंचाईत होती. माया होती आणि तरीही ती मग राहू द्या म्हणाली होती.

टाक्यांची खाज थांबली, ती घरात हिंडूफिरू लागली, तेव्हा एके दिवशी जेवताना नवऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं की मी माझं ऑपरेशन करून घेतोय. येत्या शनिवारची वेळ घेतली आहे. हिचं आत चिकटल्यामुळे झालं नाही, आता पुन्हा हिला टेबलावर चढवण्यात अर्थ नाही. पुरुषांचं सोपं असतं, दोन दिवस घरी बसायचं की झालं.

सासूबाईंचा हात ताटातच राहिला. त्या म्हणाल्या की घरात कमावता तू, तुझ्या जिवाला काही झालं म्हणजे?

"तीन वेळा हिच्या जिवाला झालं असतं म्हणजे?" तो म्हणाला.

सासूबाई गप्प बसल्या. हे त्या घरात वारंवार घडत नसे. थोड्या वेळाने त्यांनी त्याला आणखी भात हवा का विचारलं, म्हणजे परवानगी मिळाली.

चेकरबाईने मात्र ताट बाजूला सारलं. आतापर्यंत तिचं खोटं जागच्या जागी पडून होतं, कोणाला लागत नव्हतं. आता त्या खोट्यावर विश्वास ठेवून एक माणूस स्वतःच्या अंगाला सुरी लावून घ्यायला निघाला होता. तिची राहिली म्हणून त्याची. आणि तिची का राहिली हे त्याला माहीत नाही. शनिवारच्या आत सांगायला हवं होतं. सांगितलं तर तो तिच्याकडे आयुष्यभर कसा बघेल याची भीती होती. तो रागावला असता तर तिने सोसलं असतं. तो गप्प राहील, मान खाली घालून चष्मा पुसत बसेल, आणि पुढे कधी मुलीला उचलून घेताना आपल्याकडे एक नजर टाकेल, ती एक नजर तिला नको होती.

तिने बुधवार घालवला, गुरुवार घालवला. शुक्रवारी दुपारी तो जेवायला घरी आला होता. सासूबाई मुलांना आणायला शाळेत गेल्या होत्या. बाळ पलंगावर झोपलेलं, आणि ती दोरीवरून काढलेली दुपटी घडी करत होती. तो शेजारी बसून लंगोटांची चळत लावायला लागला. त्याच्या चळती नेहमी वाकड्या. एरवी तिने त्या मोडून पुन्हा लावल्या असत्या. ती हातातलं दुपटं तसंच धरून म्हणाली, "अरे, चिकटलेलं वगैरे काही नव्हतं."

त्याने वर बघितलं नाही.

"मीच नको म्हटलं. कानाचं सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मी म्हटलं, मग राहू द्या. कसंही असलं तरी करा म्हणून मीच सांगून आले होते ना? तीच मी. मला अजून मूल नकोय रे. तरी म्हटलं. म्हणजे मी तिला..." पुढचा शब्द तिला उच्चारता येईना. "सगळ्यांनी ऐकलं तिथे."

तो लंगोटाची कड नखाने सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मला माहितीय."

"काय माहितीय?"

"सिस्टरने बाळ बाहेर आणून दाखवलं. कान पण दाखवला. मी तिला म्हटलं, आधी आत जा आणि सांगा, ते दुसरं ऑपरेशन करू नका म्हणावं. इतक्या घाईने म्हटलं की तिच्या हातातलं बाळ घ्यायचंसुद्धा राहिलं. ती म्हणाली, काळजी करू नका, तुमच्या बाईंनीच आधी नको म्हटलंय."

चेकरबाईने हातातलं दुपटं खाली ठेवलं. बाहेर कोणाचा तरी पंप चालू होता, त्याचा आवाज येत होता.

तो बोलत होता, आता थांबत नव्हता. "पहिल्यांदा डोक्यात काय आलं सांगू? हिला चष्मा लागला तर तो बसणार कशावर. खरंच. पोटची मुलगी समोर, आणि मी फ्रेमची दांडी बघतोय. आणि सिस्टर म्हणाली तुझं, तेव्हा मला काय वाटलं माहितीय? सुटलो, असं वाटलं. तू म्हटलंस, म्हणजे मी म्हणायची गरज नाही. तू चिकटलेलं म्हणालीस तेव्हा मला कळलं होतं तू खोटं बोलतेयस. मी बरं म्हटलं आणि पाणी आणायला गेलो."

आधी तिला राग आला. चांगला मस्तकात गेला. ती म्हणाली की म्हणजे मी इतके दिवस एकटी जळत होते, मोरीत जाऊन रडत होते, आणि तू बघत होतास? तो म्हणाला की हो, बघत होतो. त्याने नाही म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. हो म्हटल्यावर भांडण कोणाशी करायचं? राग आला तसा गेला आणि खाली तीच जुनी लाज शिल्लक राहिली, फक्त आता ती दोघांची झाली होती. दोघांची झाली म्हणून कमी झाली नाही, वाढलीच. एकटी तिनेच नापास केलं असतं तर मुलीला निदान बाप तरी धड होता. आता दोघंही तसलेच निघाले.

काही वेळ दोघं बाळाकडे बघत बसले. ते डाव्या कुशीवर झोपलं होतं, हाताची मूठ हनुवटीखाली. मग तिने विचारलं की उद्याचं तू करतोयस ते भरपाई म्हणून करतोयस का? तो म्हणाला की आधी तसंच होतं बहुतेक. तिला ते आवडलं नाही, आणि तिने सांगितलं, "तसं असेल तर करू नकोस. तिच्या नावाने स्वतःला कापून घेऊ नकोस. उद्या मोठी होऊन विचारेल, माझ्यामुळे का, तर काय सांगणार?"

"मग कशासाठी करू?"

"तीन झाली. आपल्याला पुरेत. एवढ्यासाठीच करायचं असेल तर कर."

त्याने शेवटचा लंगोट चळतीवर ठेवला. मग म्हणाला की एवढ्यासाठीच करतो, पण तू बरोबर चल. ती म्हणाली की येते, बाळालाही घेऊ, मध्येच भूक लागेल तिला. आणि मग तिने त्याची वाकडी चळत मोडली आणि पुन्हा लावली, कारण दाराशी सासूबाईंचा आवाज आला होता आणि काहीतरी करायला हवं होतं.

शनिवारी दवाखान्यात गर्दी नव्हती. पुरुषांचे डॉक्टर वयाने मोठे, बोलके आणि हसरे होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, जड उचलायचं नाही, लगेच निर्धास्त व्हायचं नाही, तपासणीला पुन्हा यायचं. नवऱ्याने आज चौकश्यांची कसर भरून काढली. किती वेळ लागेल, सुई कुठे देणार, दुकानात उभं राहिलेलं चालेल का. डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग त्यांची नजर चेकरबाईच्या मांडीवरच्या बाळाकडे गेली.

"हे अगदीच तान्हं आहे की," ते म्हणाले. "इतक्या लवकर मी सहसा करत नाही. एकदा केलं की परत फिरता येत नाही, म्हणून मी सगळ्यांना विचारतो. बाळ व्यवस्थित आहे ना?"

विचारायची पद्धतच होती त्यांची. दिवसातून कितीदा विचारत असतील. नवरा आपल्या चपलांकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. आता तो काही बोलणार नव्हता, हे तिला कळलं. तिच्या मांडीवर मुलगी टोपीत डोकं घालून चुळबुळत होती.

"व्यवस्थित आहे," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे बघून तिने पुन्हा सांगितलं. "व्यवस्थित आहे. उजवा कान झालेला नाही तिचा. बाकीही सगळं व्यवस्थित आहे आणि तीही व्यवस्थित आहे."

डॉक्टर वाकून बघायला लागले, तसा तिने टोपीचा बंद सोडला आणि टोपी काढून पिशवीत टाकली. त्यांनी बघितलं, बाळाच्या गालाला बोट लावलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"हो," नवरा म्हणाला. "व्यवस्थित आहे."

डॉक्टर त्याला घेऊन आत गेले. दार लागलं. चेकरबाई बाकावर बसून राहिली. समोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाईंनी बाळाकडे बघितलं, कानाकडे बघितलं, आणि तिच्याकडे बघून हसल्या. तिलाही हसू आलं, पण तोंडावर पुरतं पोचेना. आत्ता ती बोलली ते खरं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी टेबलावरही ते इतकंच खरं होतं, कोपऱ्यातल्या दिव्याखाली तेव्हाही ही एवढीच होती, अशीच होती. तेव्हा विचारलं होतं, आणि तिच्याने म्हणवलं नव्हतं. मुलगी भुकेने रडायला लागली. चेकरबाईने पदराआड न घेता तिला तशीच जवळ घेतली, तो कान वरच्या बाजूला ठेवून, आणि लाजेने मान खाली घालून तिला पाजत बसली.